वर्ग बोलका कसा होईल?

तास संपायला दोन मिनिटे उरली की बहुतेक वर्गांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "काही शंका?" या वाक्याला मिळणारे उत्तरही ठरलेले आहे. कोणी वहीचे पान उलटते, कोणी पिशवीची चेन ओढते, मागच्या बाकावर कोणीतरी खोकते. आणि कोणालाच शंका नाही असे गृहीत धरून हजेरीपुस्तक मिटते. घंटा होते. त्याच क्षणी व्हरांड्यात जो कलकलाट सुरू होतो तो ऐकला, तर याच मुलांना आत बोलण्यासारखे काही नव्हते यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

वर्गातील ही शांतता म्हणजे शिस्त, असे समजण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. पाहुणे आले, तपासणी समिती आली की तिचे कौतुकही होते. मला मात्र गेल्या तीन वर्षांत ती शिस्तीची कमी आणि अडचणीची अधिक वाटू लागली आहे. ती कशी तयार होते आणि ती मोडायची तर काय करता येते, याविषयी जे वाचले, पाहिले आणि मैत्रिणींशी बोलताना उमगले, ते येथे मांडते. गुरुजनांना शिकवण्याचा आव यात नाही. वर्गाचे दोन काठ आहेत, त्यांतला बाकांच्या बाजूचा काठ कसा दिसतो एवढेच सांगायचे आहे.

"खेड्यातली मुले बोलतच नाहीत" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की ते खरेच वाटू लागते. राणीसावरगाव, पिंपळदरी, धारासूर या बाजूंनी सकाळी येणाऱ्या एस.टी.त एकदा बसून पाहावे. कापसाच्या भावापासून ग्रामपंचायतीच्या राजकारणापर्यंत एकही विषय सुटत नाही, आणि बोलणाऱ्यांत निम्मे तरी आपल्याच महाविद्यालयाचे असतात. एक मत मांडतो, दुसरा ते खोडतो, तिसरा दाखला देतो. याला चर्चा म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात? आमच्या आज्यांनी जात्यावर एकीने ओवी उचलायची आणि दुसरीने पुढे न्यायची हा प्रकार वर्षानुवर्षे केला. कलगी-तुऱ्याच्या फडात तर सवालाला जवाब देता आला नाही की नाक कापले जाई. आणि आपले गंगाखेड तर जनाबाईचे गाव. पंढरपूरला नामदेवांच्या घरी राबणाऱ्या या बाईच्या नावावर तीनशेहून अधिक अभंग आहेत, आणि त्यांत ती विठ्ठलाला नुसती शरण जात नाही. त्याच्याशी बोलते, रुसते, प्रसंगी त्याची कानउघाडणीही करते. दळणकांडण करता करता जिने देवाशी संवाद मांडला, तिच्या गावच्या मुली सरांना एक प्रश्न विचारताना घामाघूम होतात, हे जरा चमत्कारिकच नाही का?

तेव्हा बोलण्याची ताकद आहे. ती वर्गाच्या उंबरठ्यावर चपलेसारखी बाहेर राहते. का राहते, ते पाहिले पाहिजे.

पहिले कारण भाषेचे आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत खोल आहे. आपल्या भागात वर्गाची भाषा एक आणि घराची भाषा दुसरी ही गोष्ट नवी नाही. निजामाच्या राज्यात १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले. तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. इंग्रजी सोडून एका देशी भाषेतून विद्यापीठाचे शिक्षण द्यायचे, हा त्या काळी मोठा धाडसी प्रयोग होता हे मान्य केलेच पाहिजे. पण मराठवाड्यातल्या मराठी मुलाला ती देशी भाषाही परकीच होती. खालचे वर्ग ओलांडले की बहुतेक सरकारी शाळांतून गणित उर्दूत आणि इतिहासही उर्दूत. तहतानिया, वस्तानिया, फोकानिया अशा शाळेच्या पायऱ्या. माझ्या आजोबांच्या वाट्याला लहानपणी या शाळेची थोडी वर्षे आली. ते सांगतात, पाठांतर छान व्हायचे. पण काही विचारायचे झाले तर तो प्रश्न आधी मनात मराठीत तयार करायचा, मग तो उर्दूत फिरवायचा, आणि तोवर मास्तरसाहेब पुढच्या धड्यावर गेलेले असायचे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. शिक्षण मराठीत आले. १९५८ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ झाले. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि परभणी जिल्हा त्याच्या कक्षेत आला. उर्दूची अडचण इतिहासजमा झाली. पण आजोबांनी सांगितलेली ती मनातली भाषांतराची फेरी संपलेली नाही. ती आता मराठीतून मराठीत होते. घरी आपण "काय करायलास" म्हणतो, "मला समजायलं नाही" म्हणतो. वर्गात उभे राहताना हे वाक्य आधी धुऊन, इस्त्री करून घ्यावे लागते. माझ्या एका मैत्रिणीने शाळेत असताना "सर, हे नाही समजायलं" असे सरळ म्हटले. वर्ग हसला, त्याचे इतके नाही. सरही हसले आणि तिचेच वाक्य त्यांनी नक्कल करून दाखवले. त्या वर्षी ती पुन्हा उठली नाही. आज ती आपल्याबरोबरच बी.ए.ला आहे, तिची टिपणे परीक्षेच्या आधी निम्मा वर्ग मागून नेतो, आणि तिचा आवाज मात्र हजेरीपलीकडे कोणी ऐकलेला नाही.

प्रमाणभाषा शिकू नये असे माझे म्हणणे नाही. ती आलीच पाहिजे. अर्ज, निबंध, मुलाखत सगळीकडे तिचे काम पडते. पण विचार जन्माला येताना तो घरच्याच भाषेत येतो. त्याला आधी येऊ द्यावे. चर्चेत बोलीत बोलावे आणि त्याच मुद्द्यावर चार ओळी प्रमाणभाषेत लिहून आणाव्यात, एवढी साधी वाटणी केली तरी कितीतरी तोंडे उघडतील. प्राध्यापकांनी स्वतः मधूनच एखादे वाक्य आपल्या गावच्या बोलीत टाकले, तर मग विचारायलाच नको.

दुसरे कारण असे, की 'चर्चा' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्पर्धा येते. वादविवाद स्पर्धा, वक्तृत्व स्पर्धा, फिरता चषक. या स्पर्धांनी चांगले वक्ते दिले हे खरे. पण तिथे बाजू आधीच वाटून दिलेली असते, मिनिटे मोजलेली असतात आणि प्रतिपक्षाचे म्हणणे पटले तरी ते कबूल करायची सोय नसते. वर्गातल्या चर्चेचा स्वभाव याच्या उलट आहे. तिथे बोलता बोलता मत बदलले तर ते हरणे नव्हे.

या संदर्भात मराठवाड्यातलेच एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले आणि परिसराला 'नागसेनवन'. उच्च शिक्षणाची दारे ज्यांना कधी उघडली नव्हती अशी मराठवाड्यातली मुले तिथे शिकली, हे आपण जाणतोच. पण ही नावे कुठली, याचा विचार आपण सहसा करत नाही. 'मिलिंदपञ्ह' हा पाली ग्रंथ आहे. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. आणि नागसेन हा बौद्ध भिक्षू. राजा प्रश्न विचारतो आणि भिक्षू उत्तरे देतो, असा तो सगळा ग्रंथ आहे. म्हणजे ज्या महाविद्यालयाला कोणत्याही विजेत्याचे किंवा दात्याचे नाव देता आले असते, त्याला नाव मिळाले ते एका प्रश्न विचारणाऱ्याचे.

त्या ग्रंथातला एक प्रसंग तर प्रत्येक वर्गाने समजून घ्यावा असा आहे. राजा वादाचे आमंत्रण देतो तेव्हा नागसेन आधी एक अट घालतो. पंडितासारखा बोलणार असशील तर मी बोलेन, राजासारखा बोलणार असशील तर नाही, अशा अर्थाची ती अट आहे. राजा विचारतो, या दोहोंत फरक काय? नागसेन समजावतो, की पंडितांच्या वादात गुंता घातला जातो आणि सोडवलाही जातो, कोणाचे खंडन होते, चूक दाखवली जाते आणि ती मान्यही केली जाते, आणि तरी कोणी रागावत नाही. राजे मात्र एक गोष्ट मांडतात आणि जो तिला विरोध करील त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद अट मान्य करतो, आणि मगच प्रश्नोत्तरांना आरंभ होतो.

वर्गात राजा कोण आणि पंडित कोण, याची फोड करण्याची गरज नाही. पण शिक्षा अनेक प्रकारची असते. अंतर्गत गुण हातात असलेल्या माणसापुढे विरोधी मत मांडताना विद्यार्थी दहा वेळा विचार करतो. मग ते गुण प्रत्यक्षात कधी कापले गेले नसले तरी. प्राध्यापकांनी वर्षाच्या आरंभीच "माझ्याशी असहमत झालात म्हणून गुण जाणार नाहीत" हे उघड शब्दांत सांगावे आणि पहिला विरोध आला की तो हसतमुखाने ऐकून दाखवावा. सांगण्यापेक्षा या दुसऱ्या गोष्टीकडे वर्गाचे लक्ष अधिक असते. आणि राजेपण काही फक्त टेबलाच्या पलीकडेच नसते. मागच्या बाकावरून जे हुर्रे होते, मुलगी बोलायला उठली की जे खाकरणे होते, तेही राजाचेच फर्मान. सरांच्या रागापेक्षा या हसण्याने अधिक तोंडे बंद केली आहेत, हे मी माझ्या वर्गमित्रांना स्पष्ट सांगू इच्छिते.

अशा चर्चेतून काय निष्पन्न होते, असे विचारणाऱ्यांना मुंबईचा दाखला द्यावासा वाटतो. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. दादाभाई नौरोजी त्या मंडळीत होते. कोणीतरी निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचे, असा तिचा साधा क्रम. इंग्रजीबरोबर देशी भाषांतही हे व्हावे म्हणून मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. बोलता बोलता मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न पुढे आला आणि १८४९ मध्ये या मंडळींनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. आरंभी सभासद स्वतःच तिथे शिकवत. पुण्यात फुले दांपत्याने १८४८ सालीच ते काम हाती घेतले होते. हेच जोतीराव पुढे १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहितात, तेव्हा तिचा बराचसा भाग धोंडिबा आणि जोतीराव यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात घालतात, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. वाचकाच्या मनातली शंका आधी कोणाच्या तरी तोंडून वदवली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

आता थोडे शास्त्राकडे वळते. माझ्या वहिनीच्या बी.एड.च्या वहीत मला फ्लँडर्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाची पद्धत सापडली. वर्गात कोण किती बोलते हे मोजण्यासाठी त्याने बोलण्याचे दहा प्रकार पाडले. त्यांतले सात शिक्षकांच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि दहावा शांततेचा किंवा गोंधळाचा. निरीक्षकाने मागे बसून दर तीन सेकंदांनी त्या क्षणी चालू असलेल्या प्रकाराचा आकडा टिपायचा. म्हणजे आपल्या ४८ मिनिटांच्या तासात ९६० आकडे! अमेरिकेतील शाळांच्या निरीक्षणातून त्याने दोन-तृतीयांशाचा नियम सांगितला : तासाचा दोन-तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असते, आणि त्या बोलण्यातला दोन-तृतीयांश भाग शिक्षकांचा असतो. वहिनी म्हणाली, पाठ टाचणाच्या धांदलीत ही पद्धत आम्ही परीक्षेपुरती शिकलो. मला मात्र ती वाचून गंमत वाटली, कारण फ्लँडर्सला जे वर्ग शिक्षकांनी व्यापलेले वाटले त्यांना आपण बोलघेवडे वर्ग म्हणू. दहा आकड्यांची खटपट नको असेल त्याने वहीच्या मागच्या पानावर दोनच रकाने आखावेत, एक व्यासपीठाचा आणि एक बाकांचा, आणि एका तासापुरत्या दर मिनिटाला खुणा कराव्यात. प्राध्यापकांनी स्वतःच एखाद्या विद्यार्थ्याला हे काम द्यावे. आपण किती बोलतो ते बोलणाऱ्याला कधीच कळत नसते. घरोघरी याचा अनुभव आहे.

याहून उपयोगाचा शोध मेरी बड रो या बाईंचा. विज्ञानाचे वर्ग कसे चालतात याचा त्या अभ्यास करत होत्या. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंद थांबतात. एक सेकंद! तेवढ्यात उत्तर आले नाही की ते प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. हेच थांबणे तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून थोडे अधिक वाढवले, तर उत्तरे लांब होतात, आपणहून बोलणारे वाढतात, "माहीत नाही" कमी होते आणि जी मुले मागासलेली समजली जातात तीही बोलू लागतात. बाईंनी आणखी एक जागा दाखवली आहे. विद्यार्थी बोलून थांबला की शिक्षक लगेच "बरोबर" किंवा "चूक" म्हणतात. तिथेही तीन सेकंद थांबले, तर तोच विद्यार्थी पुढे बोलतो, किंवा शेजारचा भर घालतो.

आपल्याकडे तर ही तीन सेकंदे अधिकच हवीत, कारण मघाशी सांगितलेली मनातली भाषांतराची फेरी त्यात बसवायची असते. तीन सेकंद म्हणजे किती, हे प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय कळत नाही. व्यासपीठावर उभ्या असलेल्या माणसाला ती फार लांब वाटतात. आता काहीतरी बोललेच पाहिजे असा जीव कासावीस होतो. त्यावर माझा उपाय असा, की प्रश्न विचारावा आणि फळ्याचा एक कोपरा सावकाश पुसून घ्यावा.

अर्थात प्रश्नच असा हवा की ज्यासाठी थांबावे. "हैदराबादवरची पोलीस कारवाई कधी झाली?" या प्रश्नाला १३ ते १७ सप्टेंबर १९४८ हे उत्तर आहे, ते सांगितले की संपले. पण "लष्कर गेले, रणगाडे गेले, तरी तिला 'पोलीस कारवाई' का म्हटले असेल?" असे विचारले तर कोणी कायद्याचे बोलेल, कोणी जगाच्या डोळ्यांत काय दिसावे याचे बोलेल, आणि एखादी मुलगी आजीकडून ऐकलेली त्या दिवसांची गोष्ट सांगेल. इतिहासाच्या तासाला आजीची गोष्ट पुरावा म्हणून चालेल का, हा लगेच पुढचा प्रश्न. एकाच प्रश्नातून इतिहासाचा विषयही झाला आणि इतिहासाची पद्धतही झाली. अर्थशास्त्रात "जायकवाडी धरण केव्हा पूर्ण झाले?" यापेक्षा "गोदावरी दाराशी असून उन्हाळ्यात आपल्या तालुक्यात टँकरची वाट का पाहावी लागते?" हे विचारावे. मराठीत "जनाबाईच्या अभंगांची वैशिष्ट्ये लिहा" हे गाईडमध्ये आहेच, "दळणाकांडणाचे काम देव करू लागतो, यात भक्ती किती आणि थकलेल्या बाईची इच्छा किती?" हे गाईडमध्ये नाही. म्हणूनच ते वर्गात हवे.

"हे सगळे ठीक आहे, पण अभ्यासक्रम कोण पूर्ण करणार?" हा आक्षेप येणारच, आणि तो खोटा नाही. सहा महिन्यांचे सत्र, त्यात सण, निवडणुका, परीक्षा. पण कोठारी आयोगानेही १९६६ च्या अहवालात उच्च शिक्षणातली व्याख्याने कमी करून स्वयंअध्ययन, गटशिक्षण आणि चर्चेला वेळ द्यावा असेच सुचवले होते. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पुन्हा तेच सांगते. चोपन्न वर्षांनी तीच शिफारस करावी लागते, याचा अर्थ मधल्या काळात काय झाले ते उघड आहे. शिवाय जो भाग छापील पुस्तकात सोप्या भाषेत आहेच, तो वर्गात पुन्हा लिहवून घेण्यात किती तास जातात याचा हिशेब केला, तर आठवड्याला एक तास सहज निघेल असे मला वाटते. टाळेबंदीच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, वर्ग मोबाइलवर गेले आणि पडद्यावर नुसत्या बंद माइकच्या खुणांची रांग दिसायची. तेव्हा कळले की नुसते ऐकायचेच असेल तर इतक्या लांबून एस.टी.ने यायचे कारण उरत नाही.

दुसरी अडचण गर्दीची. साठ-सत्तर जणांच्या वर्गात चर्चा म्हणजे गोंधळ, किंवा मग नेहमीच्या दोघातिघांचे भाषण. यावर फ्रँक लायमन यांनी १९८१ साली एक सुटसुटीत युक्ती मांडली : आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचे, मग वर्गापुढे सांगायचे. सत्तर जणांपुढे बोलायची भीती वाटते ती शेजारणीशी बोलायला वाटत नाही. आणि एकदा तिच्याशी बोलून झाले, की मुद्दा दोघींचा होतो. उठून सांगताना "आम्हाला असे वाटते" म्हणता येते. या 'आम्ही'चा आधार फार असतो. बाके हलवावी लागत नाहीत, साहित्य लागत नाही, पाच मिनिटे पुरतात.

नेहमी बोलणाऱ्या दोघातिघांसाठी चिंचोके वापरावेत. प्रत्येकाला दोन चिंचोके द्यायचे. एकदा बोलले की एक टेबलावर टाकायचा. दोन्ही संपले की त्या दिवसापुरते ऐकायचे काम. ज्यांना बोलायची सवय आहे ते मग चिंचोका जपून वापरतात, म्हणजेच विचार करून बोलतात. आणि मुठीतले दोन चिंचोके घरी परत न्यायला संकोची मुलीलाही बरे वाटत नाही. पैशाच्या खर्चाचा प्रश्न तर आपल्या तालुक्यात उद्भवतच नाही. चिंचेला तोटा नाही.

पण सगळा भार प्राध्यापकांवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. वाचून न येणाऱ्या वर्गाशी कोणती चर्चा करणार? न वाचता केलेली चर्चा म्हणजे पारावरच्या गप्पा, आणि त्या पारावरच शोभतात. येथे नरहर कुरुंदकरांची आठवण होते. १९३२ साली तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या नांदापूरला जन्मलेले कुरुंदकर आधी नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते, पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. 'जागर' किंवा 'शिवरात्र' वाचताना मला जाणवते ते हे, की ज्याचे म्हणणे खोडायचे त्याची बाजू ते आधी नीट, जवळजवळ वकिली करावी तशी मांडतात, आणि मगच आपले मत सांगतात. आपल्याला एवढा अभ्यास लगेच साधणार नाही, पण समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगून "तुला असेच म्हणायचे आहे ना?" असे विचारल्याशिवाय विरोध करायचा नाही, हा नियम तर पाळता येईल. माझ्या अनुभवाने निम्मी भांडणे त्या एका प्रश्नानेच मिटतात, कारण समोरच्याला तसे म्हणायचेच नसते.

मुलींविषयी थोडे वेगळे लिहिले पाहिजे. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्याला एकामागून एक प्रश्न विचारत जाते. शेवटी तो म्हणतो, आता अधिक विचारू नकोस, नाहीतर तुझे डोके गळून पडेल. तिचे डोके काही पडले नाही. ती थोड्या वेळाने पुन्हा उठते आणि आणखी दोन प्रश्न विचारते. गार्गीचे नाव आपण सत्कार-समारंभात घेतो, पण डोके पडण्याची धमकी नाना रूपांनी अजून चालूच आहे. जास्त बोलणारी मुलगी आगाऊ. तिच्याविषयी गावात बोलले जाते, ते घरी कळते आणि मग शिक्षणच बंद होते. हे काल्पनिक नाही. म्हणून मुलीचे गप्प बसणे हे मंदपणाचे लक्षण समजू नये. कित्येकदा तो महाविद्यालयात टिकून राहण्याचा तिने शोधलेला मार्ग असतो.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव होऊन, २०११ पासून, बरीच वर्षे झाली. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. आज माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलींतली एखादी पाचदहा वर्षांत सरपंचाच्या खुर्चीत असेल, असे समजायला हरकत नाही. तिच्या शेजारी पती, दीर किंवा सासरे बसतील आणि तिच्या वतीने बोलतील. हे असे चालते हे आपण सगळे पाहतो आणि त्यावर विनोदही करतो. पण पंधरा वर्षांच्या शिक्षणात जिला एकदाही चारचौघांत "मला हे पटत नाही" असे म्हणायला मिळाले नाही, तिने ते पहिल्यांदा ग्रामसभेत, भावकीसमोर म्हणावे ही अपेक्षा कशी करायची?

यंदा आमच्या काही जणींनी विभागप्रमुखांकडे एक साधा अर्ज दिला आहे. आठवड्यातला एक तास चर्चेचा असावा. तो दुपारच्या शेवटच्या तासाला नसावा, कारण त्या वेळी गावाकडच्या गाडीकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. विषय आठ दिवस आधी फळ्यावर लिहिला जावा. आणि दर वेळी एका विद्यार्थ्याने कोण काय म्हणाले याचे टिपण एका जाड वहीत करून ती वही ग्रंथालयात ठेवावी, म्हणजे गैरहजर राहिलेल्यांना आणि ऊसतोडीला गेलेल्या घरच्या मुलांना परत आल्यावर ती वाचता येईल. टिपण बोलीत लिहिले तरी चालेल, असेही आम्ही अर्जात घातले आहे. पहिल्या तासासाठी आम्ही सुचवलेला विषय असा : "काही शंका?" या प्रश्नाला कोणी उत्तर का देत नाही.